परदेशी शाळेत नाव घालताना परतीची वाट आधी बघा

परवा संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या इमारतीतलं एक तरुण जोडपं घरी आलं. नवऱ्याला दुबईत तीन वर्षांचं काम मिळालंय, पाच आठवड्यांत रुजू व्हायचंय. मुलीची सातवी नुकतीच संपलेली, मुलगा मोठ्या गटात. दोघांच्या मोबाइलवर शाळांची पानं उघडलेली होती. पोहण्याचे तलाव, रोबोटिक्सच्या खोल्या, हसरी मुलं. "ताई, यातली कुठली घेऊ?"

मी विचारलं, "परत कधी यायचं? तेव्हा मुलगी कितवीत असेल?"

दोघांनी बोटं मोजली. आठवी, नववी, दहावी तिकडे. परत येताना अकरावी. "मग काय, बरंच झालं की, दहावी करूनच येईल," नवरा म्हणाला. मुलीला डॉक्टर व्हायचंय, असं आई मघाशीच सांगून गेली होती. मग आम्ही तासभर बसलो.

आम्ही स्वतः सहा वर्षं तिकडे काढून सोलापूरला परत आलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जाताना कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर लेकीचं एक वर्ष वाचलं असतं. म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं जास्त करून आखाती देशांची आहेत, कारण आपल्याकडची बहुतेक कुटुंबं तिकडेच जातात. सिंगापूर, जर्मनी, ब्रिटनला जाणाऱ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल.

पहिलं काम: कागदावर इयत्तांचं कोष्टक मांडा

शाळेची वेबसाइट उघडण्याआधी एक कागद घ्या. डावीकडे वर्षं लिहा, शेजारी प्रत्येक मुलाची इयत्ता. करार संपतो त्या वर्षाखाली रेघ मारा. करार वाढला तर, आणि नोकरी मध्येच गेली तर, अशा आणखी दोन रेघा मारा. आखातात नोकरी गेली की व्हिसाची मुदत धावायला लागते, म्हणून ही तिसरी रेघ फार महत्त्वाची.

मूल पाचवीपर्यंतचं असेल तर निर्धास्त राहा. या वयात कुठल्याही बोर्डातून कुठल्याही बोर्डात जाता येतं, मूल सहा महिन्यांत रुळतं. सहावी ते आठवीत जरा विचार करायचा. नववी-दहावी आणि अकरावी-बारावी या दोन जोड्या मात्र शक्यतो मध्ये तोडायच्या नाहीत. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठी मुलांची नोंदणी नववीतच होते. थेट दहावीत किंवा थेट बारावीत प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या कारणानं, कागदपत्रं दाखवून आणि परवानगीनंच मिळतो. कोष्टकात परतीची रेघ नववी आणि दहावीच्या मधून जात असेल तर आत्ताच काहीतरी हलवा. एक वर्ष आधी या, नाहीतर एक वर्ष नंतर या.

आता वैद्यकीय प्रवेशाचं. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, कारण इथं फसलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी नुसता अधिवास दाखला पुरत नाही. दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. इथं बोर्डाचं नाव बघत नाहीत, शाळा कुठं आहे ते बघतात. सोलापुरातल्या सीबीएसई शाळेची दहावी चालते, दुबईतल्या सीबीएसई शाळेची चालत नाही. शासकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या असतात. म्हणजे आपल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून दोन किलोमीटरवर वाढलेलं, आजोबांचं घर इथं असलेलं लेकरू फक्त दहावी बाहेर केली म्हणून त्या ८५ टक्क्यांच्या बाहेर जातं. आमच्या नात्यातल्या एका मुलाचं हेच झालं. दहावी आखातात, अकरावी-बारावी सोलापुरात, नीटला गुण चांगले, सगळे दाखले जागेवर. फॉर्म भरताना एका रकान्यात गाडी अडली. त्याच्या आईचा तो चेहरा मी विसरलेले नाही. केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचारी, संरक्षण दल यांच्या मुलांसाठी काही वेगळ्या तरतुदी आहेत. खासगी कंपनीत काम करणाऱ्यांना त्यांचा आधार नाही.

इंजिनिअरिंगचं गणित इतकं कठोर नाही. तिथं विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांपैकी एकाच्या महाराष्ट्राच्या अधिवासावरही राज्याचा उमेदवार होण्याचा मार्ग आहे. आखातात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी वेगळ्या जागाही असतात. एनआयटींसाठी 'दासा' या योजनेतून, जेईई मेनच्या आधारे, परदेशात शिकलेल्यांना प्रवेश मिळतो आणि त्यातही आखाती कामगारांच्या मुलांसाठी सवलतीच्या फीच्या जागा आहेत. पण या सगळ्याच्या अटी दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत बदलतात. राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची चालू वर्षाची पुस्तिका उतरवून घ्या आणि पात्रतेचं प्रकरण स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर आलेल्या माहितीवर मुलाचं वर्ष लावू नका.

दुसरं: बोर्ड समजून घ्या

परदेशात आपल्यासमोर साधारण चार वाटा असतात.

सीबीएसई. आखातात आणि सिंगापुरात या शाळा भरपूर आहेत. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पुस्तकं ओळखीची, फी त्यातल्या त्यात कमी. परत आल्यावर समकक्षतेचा, म्हणजे तिकडचं शिक्षण इथल्या इयत्तेच्या बरोबरीचं धरायचं की नाही याचा, प्रश्नच येत नाही, कारण बोर्ड भारतीयच आहे. ज्यांचं परतणं नक्की आहे आणि मूल सहावीच्या पुढं आहे त्यांना मी हाच सल्ला देते. वर्ग मोठे असतात, पाठांतरावर भर असतो, काही शाळा दोन पाळ्यांत चालतात हे खरं. तरी परतीच्या वाटेवर हे बोर्ड सगळ्यांत कमी त्रास देतं.

ब्रिटिश अभ्यासक्रम. यात चौदा ते सोळा या वयात आयजीसीएसई, म्हणजे साधारण आपली दहावी, आणि पुढची दोन वर्षं ए लेव्हल, म्हणजे आपली अकरावी-बारावी. मूल विषय स्वतः निवडतं, तीन-चार विषयांचा खोल अभ्यास करतं. अडचण अशी की कुणी हौसेनं अर्थशास्त्र, गणित आणि कला घेतली आणि नंतर भारतात विज्ञान शाखेकडे वळायचं ठरवलं तर दार बंद. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतातच. त्यामुळे आयजीसीएसईचे विषय निवडण्याच्या वर्षी, म्हणजे मूल तेरा-चौदाचं असताना, बारावीनंतरचं चित्र समोर ठेवून बसावं लागतं.

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेला हा कार्यक्रम. शेवटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमात सहा विषय, त्यातले साधारण तीन वरच्या पातळीवर, शिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा एक मोठा निबंध, ज्ञानमीमांसेचा एक विषय आणि समाजसेवा-खेळ-कला यांचा मिळून एक भाग. एकूण ४५ गुण, डिप्लोमा मिळायला किमान २४. शिक्षण म्हणून मला हा फार आवडतो. मूल प्रश्न विचारायला शिकतं. मात्र मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैत लागतो आणि तोवर आपल्याकडचे प्रवेश सुरू झालेले असतात. पुढचं शिक्षणही परदेशातच करायचं असेल आणि तेवढी आर्थिक ताकद असेल तर आयबी घ्यावं. जेईई-नीटची तयारी आणि आयबी डिप्लोमा एकत्र ओढणाऱ्या मुलांची झोप उडालेली मी पाहिली आहे.

अमेरिकन अभ्यासक्रम चौथा. पुढे अमेरिकेत जायचं नक्की असेल तर ठीक, सोलापूरला परतणाऱ्यांसाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

ब्रिटिश, आयबी, अमेरिकन यांपैकी काहीही करून भारतात महाविद्यालयात यायचं तर समकक्षतेचा विषय येतो. हे काम भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, वर्षानुवर्षं करत आला आहे. कुठले विषय, किती विषय आणि कुठली श्रेणी धरतात ते विषय निवडण्याच्या आधी बघायचं. निकाल लागल्यावर बघून उपयोग नसतो.

जर्मनीत किंवा युरोपात जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की तिथल्या सरकारी शाळा मोफत आणि चांगल्या आहेत, पण शिक्षण तिथल्या भाषेत. आठ वर्षांचं मूल जर्मन पटकन उचलतं. चौदा वर्षांच्या मुलाला त्यात ढकलताना दहा वेळा विचार करा.

तिसरं: 'इंटरनॅशनल' या शब्दाची पडताळणी

पाटीवर इंटरनॅशनल लिहिलं म्हणून शाळा तशी होत नाही. आपल्या होटगी रोडवरही ही पाटी दिसते आणि अबुधाबीतही दिसते. म्हणून शाळा आयबीची म्हणवत असेल तर आयबीच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. तिथं एक बारकावा आहे: 'वर्ल्ड स्कूल' म्हणजे मान्यता मिळालेली, 'कँडिडेट' म्हणजे अजून रांगेत उभी असलेली. आयजीसीएसई घेणाऱ्या केंब्रिज बोर्डाच्या शाळांची यादीही अशीच खुली असते. सीबीएसईचा संलग्नता क्रमांक बोर्डाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि तो कितवीपर्यंतचा आहे हेही तिथं दिसतं. आठवीपर्यंत मान्यता असलेल्या शाळेत सातवीचं मूल घालणं म्हणजे वर्षभरात पुन्हा शोधाशोध.

दुबईत केएचडीए नावाचं सरकारी प्राधिकरण खासगी शाळांची तपासणी करून अहवाल लोकांसमोर ठेवतं. आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, ॲक्सेप्टेबल, वीक, व्हेरी वीक अशा सहा पायऱ्या आहेत. अबुधाबीत हेच काम अडेक करतं. पहिल्या पानावरचा शेरा बघून थांबू नका. अहवाल कुठल्या वर्षाचा आहे ते बघा, आणि आत विषयवार जे लिहिलेलं असतं ते वाचा. एकूण शेरा 'गुड' असलेल्या शाळेत प्राथमिकचं गणित उत्तम आणि माध्यमिकचं विज्ञान कच्चं, असंही असतं. तुमचं मूल ज्या गटात जाणार तेवढीच पानं नीट वाचलीत तरी पुरे. शिक्षक किती टिकतात याबद्दलची वाक्यं तर अधोरेखित करून ठेवा. दरवर्षी शिक्षक बदलत असतील तर पोहण्याचा तलाव कितीही निळा असो, उपयोग नाही.

इथं एक गोष्ट आठवते. २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना. पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनचे संस्थापक दुबईतल्या एका मोठ्या खासगी शाळासमूहाचे प्रवर्तक आहेत. दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम डिसले गुरुजींनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. तिकडच्या शाळेच्या दिवाणखान्यासारख्या स्वागतकक्षात बसलात की हे लक्षात ठेवा. आपण शिक्षक शोधायला आलोय, इमारत नाही. आणि आपल्या जिल्ह्यातून आलेल्या लेकरानं कुठंही मान खाली घालून बसायचं कारण नाही.

चौथं: वय आणि इयत्ता

आमचं एक वर्ष गेलं ते इथं. ब्रिटिश शाळांत 'इयर' मोजतात आणि तो आकडा आपल्या इयत्तेपेक्षा साधारण एकनं पुढं असतो. आपली पहिली म्हणजे तिकडची इयर टू. आमची लेक दुसरी संपवून गेली होती. आम्ही इयर थ्री म्हणजे तिसरी समजलो आणि सही केली. चार महिन्यांनी कळलं की ती पुन्हा दुसरीच करते आहे. शाळेनं फसवलं नव्हतं, फॉर्मवर सगळं लिहिलेलं होतं. आम्हालाच वाचता आलं नाही.

वयाची तारीखही देशागणिक आणि बोर्डागणिक वेगळी असते. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं तिकडच्या तारखेत बसतात की नाही, हे आधी विचारा. फोनवर नको, शाळेकडून ईमेलवर उत्तर घ्या. उलट बाजूही सांभाळा. हुशार आहे म्हणून तिकडे मूल एक वर्ष पुढं ढकललं, तर पुढे नीटला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण असण्याची अट आडवी येते.

वर्ष सुरू होण्याचे महिनेही जुळत नाहीत. आपल्या राज्य बोर्डाच्या शाळा जूनमध्ये, सीबीएसई एप्रिलमध्ये, ब्रिटिश आणि आयबी शाळा ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये. जाण्याची तारीख हातात असेल तर मार्च-एप्रिलमध्ये इथलं वर्ष संपवून जाणं सगळ्यांत सोयीचं.

पाचवं: सोलापुरातून निघण्याआधीचे कागद

ही कामं इथं असताना दोन आठवड्यांत होतात. तिथून सासूबाईंना आणि भावाला पळवून करायची तर सहा महिने जातात.

जन्मदाखला आधी. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जुना दाखला नुसता मराठीत असेल, मुलाच्या नावाचा रकाना रिकामा असेल, किंवा आईचं नाव माहेरचं असेल, तर आत्ताच दुरुस्त करून इंग्रजी मजकूर असलेला दाखला घ्या. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरतात.

नावांचा घोळ आपल्याकडे फार. मूल, वडील, आडनाव असं आपण तीन तुकड्यांत लिहितो. पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव मुलाच्या नावाला चिकटतं, कधी गळतं. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. परदेशी शाळेचा कारकून हे समजून घेणार नाही. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं, बाकी सगळीकडे करून घ्या. आपल्याकडच्या तेलुगू आणि कन्नड घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत असते, त्यांनी तर प्रत्येक कागद पासपोर्टशेजारी ठेवून ताडून बघावा. मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो. मुदत वर्षभरात संपणार असेल तर नवा घेऊन मगच निघा.

शाळा सोडल्याचा दाखला. मुख्याध्यापकांची सही-शिक्का झाल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी कार्यालयाची प्रतिस्वाक्षरी घ्या. प्राथमिकचं कार्यालय वेगळं, माध्यमिकचं वेगळं. पुढचं साक्षांकन देशावर ठरतं. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे. त्यामुळे ओमान, बहारीन, सौदी अरेबिया, सिंगापूर अशा सदस्य देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे या सगळ्या देशांत चालणारं एकच साक्षांकन, लागतं. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही. तिथं परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाची पायरी असते आणि तिथं पोचल्यावर आणखी एक शिक्का. कुठल्या कागदाला कुठवर साक्षांकन हवं हे शाळेकडून आणि नवऱ्याच्या किंवा तुमच्या कंपनीच्या एचआरकडून लेखी मागवा. एजंट सगळ्याच कागदांवर सगळे शिक्के मारून पैसे घेतात, त्यातल्या निम्म्यांची गरज नसते. दाखल्याच्या मूळ प्रतीवर शिक्के पडण्याआधी रंगीत स्कॅन काढून ठेवा.

याबरोबर गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळेच्या लेटरहेडवर वर्तणुकीचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड. हे पिवळं पडलेलं कार्ड अनेकांकडे नसतंच. मुलांच्या डॉक्टरांकडून लसींच्या तारखा इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्या. मुलाला ॲलर्जी, दमा, चष्मा, वाचनाची अडचण असं काही असेल तर त्याचेही कागद घ्या आणि शाळेला लपवाछपवी न करता सांगा. लपवलं की पहिल्याच महिन्यात उघडं पडतं आणि मधल्या मधे लेकरू भरडतं.

शेवटचं, जे कुणाच्या डोक्यात येत नाही: तुमचे स्वतःचे अधिवास दाखले, जातीचे दाखले, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा जुना दाखला. मुलगा आठ वर्षांनी जात पडताळणीच्या रांगेत उभा राहील तेव्हा हे कागद लागतील आणि तोवर ते जुन्या लोखंडी ट्रंकेत कुणाला सापडणार नाहीत. आत्ता काढा, स्कॅन करा, एक संच इथं विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

सहावं: फीचा खरा आकडा

दुबईत वर्षाची फी काही हजार दिरहमपासून एक लाख दिरहमच्या पलीकडेही जाते. पगाराचा आकडा ऐकून हुरळायच्या आधी कंपनी शिक्षणाचा खर्च देते का, किती मुलांचा, कितवीपासून, आणि थेट शाळेला भरते की आपण भरून मग मागायचा, हे करारात लिहून घ्या. बालवाडीचा खर्च बऱ्याच कंपन्या धरत नाहीत.

फीच्या तक्त्यातला ठळक आकडा म्हणजे फक्त शिकवणी. त्यावर अर्जाची फी, जागा राखायची अनामत, बस, गणवेश, पुस्तकं किंवा टॅबलेट, सहली, खेळाचे वर्ग, इंग्रजीसाठी जादा मदत लागली तर तिचे पैसे, आणि वरच्या वर्गांत परीक्षा फी. आयजीसीएसई आणि ए लेव्हलला ती दर विषयाची वेगळी लागते. बस तर दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाहीच. घर एका टोकाला आणि शाळा दुसऱ्या टोकाला असेल तर सहा वर्षांचं मूल रोज पहाटे साडेपाचला उठतं. आधी शाळा ठरवा, मग घर. आम्ही उलटं केलं होतं.

पुढच्या इयत्तांची फी आजच विचारा, कारण ती इयत्तेगणिक चढते. मध्येच नोकरी गेली, बदली झाली तर भरलेल्या फीतलं काय परत मिळतं, हे कलम करारात शोधा. थकीत फी असेल तर शाळा दाखला अडवून ठेवते आणि तो नसेल तर इथं पुढचा प्रवेश अडतो. परदेशातल्या शाळेच्या फीवर आपल्या आयकरातली शिक्षण शुल्काची वजावट मिळत नाही, ती भारतातल्या शाळांपुरतीच आहे.

सातवं: शाळेशी बोलताना

बहुतेक शाळा प्रवेशाआधी चाचणी आणि मुलाखत घेतात, हल्ली व्हिडिओ कॉलवरही. मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून आलेलं मूल गणितात पुढं आणि इंग्रजी बोलण्यात मागं असतं. चाचणीआधी महिनाभर रोज वीस मिनिटं त्याच्याशी इंग्रजीत साध्या गप्पा मारा. पाठ करून घेतलेली उत्तरं देऊ नका, शाळांना ती लगेच कळतात.

तुम्हीही प्रश्न विचारा. माझ्या मुलाच्या वर्गात किती मुलं? गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले? इंग्रजी कच्चं असलेल्या मुलासाठी काय करता, आणि ते फीत धरलंय का? वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात सोबत कोण असतं? त्रास देणाऱ्या मुलांची तक्रार मूल कुणाकडे करतं? हिंदी आहे का, कितवीपर्यंत? शाकाहारी जेवणाची सोय कशी? अमिरातीत आपल्या मुलांना नववीपर्यंत अरबी शिकावी लागते, तर उशिरा येणाऱ्या मुलाला ती पहिल्या धड्यापासून शिकवतात का? या शेवटच्या प्रश्नावर जी शाळा गोंधळते, तिथं सातवीत आलेलं मूल दोन वर्षं मागच्या बाकावर गप्प बसतं.

जमलं तर त्याच शाळेत मूल असलेल्या दोन पालकांशी बोला. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून असे पालक सापडतात. त्यांना 'शाळा कशी आहे' असं विचारू नका, सगळे चांगलीच म्हणतात. 'शाळेशी शेवटचं भांडण कशावरून झालं आणि कसं मिटलं' हे विचारा.

आणि मुलाशी बोला. आपण हे सगळ्यात शेवटी करतो. मैत्रिणी, गल्ली, आजीचं घर, गड्ड्याच्या जत्रेतली पाळण्याची फेरी, हे सगळं एका बॅगेत न मावणारं सामान ते मागं सोडून जाणार असतं. त्याला निर्णय विचारायचा नसला तरी बातमी तरी वेळेवर सांगा. आमच्या लेकीला आम्ही तिकिटं काढल्यावर सांगितलं होतं. ते चुकलंच.

आठवं: मराठी

२०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आहे. परत आलेल्या मुलाची पहिली भिंत गणिताची नसते, मराठीची असते. आमची लेक सहा वर्षांनी आली तेव्हा बोलायची छान, पण जोडाक्षर दिसलं की थबकायची. आठवीत बसलेल्या मुलीला बाराखडी गिरवताना बघून तिच्या आजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

उपाय सोपा आहे, नेमानं करायला हवा. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मूल ज्या इयत्तेत आहे तिचं मराठीचं पुस्तक दरवर्षी घ्या, आठवड्याला एक धडा मोठ्यानं वाचा, पाच ओळी हातानं लिहा. दुबई आपल्या दीड तास मागं आहे, तिथं संध्याकाळचे साडेसहा म्हणजे सोलापुरात आठ, आजी-आजोबांची जेवणं उरकायची वेळ. रोजचा फोन तेव्हा ठेवा आणि त्यात आजीला धडा वाचून दाखवायचा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर ती बोलणं चालू ठेवा, एका भाषेनं दुसरीला धक्का बसत नाही.

नववं: पहिले तीन महिने

पहिला महिना मूल उत्साहात असतं, दुसऱ्या महिन्यात खरी आठवण येते. पोट दुखतं, शाळा नको होते, जेवणाच्या डब्यावरून रडारड होते. शेंगाचटणी-भाकरीच्या वासावरून वर्गात कुणी काही बोललं की मूल डबा लपवायला लागतं. त्यावर घरी रागावू नका. शिक्षकांना ईमेल करा, तिकडच्या शाळा अशा गोष्टी मनावर घेतात. शनिवार-रविवारी मराठी मुलांत खेळायला न्या. तीन महिन्यांनंतरही झोप, भूक, बोलणं पूर्वपदावर आलं नसेल तर शाळेच्या समुपदेशकाची वेळ घ्या.

दहावं: परत येताना

परतीचं ठरलं की तिथल्या शाळेला लगेच लेखी सूचना द्या. बऱ्याच शाळांत एका सत्राची सूचना लागते, नाहीतर पुढच्या सत्राची फी मागतात. तिथला दाखला तिथल्या शिक्षण खात्याकडून आणि आपल्या वकिलातीकडून साक्षांकित करून आणा. परत आल्यावर त्या शिक्क्यांसाठी तिकडे कोण जाणार? दरवर्षीची प्रगतिपुस्तकं, आणि वरच्या वर्गातल्या मुलांचा अभ्यासक्रमाचा तपशीलही सोबत हवा.

ब्रिटिश शाळेचं वर्ष जूनअखेरीस किंवा जुलैत संपतं. आपली शाळा तोवर सुरू झालेली असते. तेव्हा सोलापुरात जागा फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारून ठेवा, आजोबांना शाळेत पाठवा, मुख्याध्यापकांना भेटायला सांगा. मूल येईल त्या आठवड्यापासून मराठी आणि इतिहास-भूगोलासाठी कुणीतरी घरी येऊन शिकवणारं बघा. दिवाळीपर्यंत एवढं पुरतं.

त्या जोडप्यानं कागदावर कोष्टक मांडलं आणि रात्री परत आलं. मुलीची आठवी तिकडे सीबीएसईत, आणि नववीला आई दोन्ही मुलांना घेऊन सोलापुरात. वडील तीन वर्षं पूर्ण करणार, सुट्टीत ये-जा. त्यांना ते जड जाणार आहे. मुलगी नववीत कुठल्या शाळेत जाईल, हे मात्र त्यांनी तिलाच निवडायला सांगितलंय. उद्या सकाळी ते दोघं शिक्षणाधिकारी कार्यालयात जाणार आहेत, तिच्या दाखल्यावर सही घ्यायला.